मणी मिलिमीटरचा, माळ इंचाची: दागिने करायला बसणाऱ्यांसाठी मापांची ओळख

खड्या-मण्यांचे दागिने करताना हात लवकर बसतो, अडतं ते मापांपाशी. मणी ८ मिमीचे, माळ १६ इंची, तार २० गेजची, बांगडी दोन-सहाची, अंगठी १४ नंबरची आणि खडा सव्वापाच रत्तीचा. मालवण-वेंगुर्ल्यापासून रत्नागिरी-अलिबागपर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आणि बचत गटांत आता करवंटीचे, शिंपल्यांचे, खड्यांचे दागिने होतात. माल येतो मुंबईहून किंवा जयपूरहून, गिऱ्हाईक असतं पुण्याचं, आणि शिकवणारा व्हिडिओ अमेरिकेतला. तिघांची मापं तीन.

नवीन माणूस सगळ्यात आधी सगळं एकाच पद्धतीत आणायला बघतो. एक तर सगळं इंचात, नाहीतर सगळं मिलिमीटरमध्ये. तसं करू नका. कोणती वस्तू कशात मोजायची हे या धंद्यात कधीच ठरून गेलंय आणि दुकानदार ते तुमच्यासाठी बदलणार नाही. तुम्हाला समजून घ्यायचंय ते एवढंच की एक माप दुसऱ्याला कुठे भेटतं. अशा जागा चार-पाचच आहेत. तिथे एकदा हिशेब करायचा आणि पुढे जायचं.

जवळ असू द्या:

• डिजिटल कॅलिपर (जबड्यांत वस्तू धरली की पडद्यावर माप दाखवणारं हत्यार), १५० मिमीचा. स्टीलचा घेतलात तर उत्तम.
• ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एका कडेला मिमी आणि दुसऱ्या कडेला इंच असलेली.
• शिंप्याची मऊ टेप. फक्त अंगावरचं माप घ्यायला.
• ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा.
• अंगठीच्या मापाच्या कड्यांचा जुडगा.
• एक वही. मोबाइलमध्ये लिहून ठेवलेली मापं महिन्याभरात सापडेनाशी होतात.

१. आधी कोणाचं माप काय, ते पाठ करा

खडे, मणी, शिंपल्याच्या चकत्या, भोकं, कड्या आणि हुक मिलिमीटरमध्ये. माळेची, साखळीची, ब्रेसलेटची लांबी इंचात. तारेची जाडी गेजमध्ये. बांगडी इंच आणि त्याच्या सोळाव्या भागांत. मौल्यवान खड्याचं वजन कॅरेटमध्ये, ज्योतिषाकडून आलेलं गिऱ्हाईक असेल तर रत्तीत. सोनं-चांदी ग्रॅममध्ये, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना तोळ्यात.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी इंच गळ्यातून आणि मनगटावरून उतरला नाही. दुकानात मंगळसूत्र मागताना कोणी ‘४५७ मिलिमीटरचं द्या’ म्हणत नाही, अठरा इंची म्हणतं. याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

वहीत आकडा लिहिताना त्याच्यापुढे माप लिहायचंच. नुसता ‘६’ म्हणजे मिमी, इंच, की बांगडीचा दोन-सहा? आज तुम्हाला आठवतंय, गणपतीच्या गर्दीत आठवणार नाही.

२. इंच फोडून बघा

एक इंच म्हणजे २५.४ मिमी. हे अंदाजाचं माप नाही. १९५९ पासून इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी मिळून तेच नेमकं माप धरलं आहे. इंचाचे मिमी करायचे तर २५.४ ने गुणा, मिमीचे इंच करायचे तर २५.४ ने भागा. आकडा गोल करायचा, म्हणजे दशांश सोडायचे, ते शेवटी. मधेच सोडलेत की प्रत्येक पायरीला चूक थोडी थोडी वाढत जाते.

इंचाचे भाग सुताराकडे कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीतच आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी, अर्धा सूत १.५९ मिमी, पाव इंच ६.३५, अर्धा इंच १२.७ आणि पाऊण इंच १९.०५ मिमी.

आता इथला खड्डा बघा. पाव इंच आणि ६ मिमी ‘जवळपास सारखेच’ म्हणून बरेच जण एकमेकांच्या जागी धरतात. एका मण्यात फरक ०.३५ मिमीचा, डोळ्यांना दिसतही नाही. पण माळेत ६० मणी असले तर तोच फरक २१ मिमी होतो, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. माळ गळ्यालगत बसायची ती खाली उतरते. ३ मिमी आणि एक सूत, १० मिमी आणि तीन सूत, १२ मिमी आणि अर्धा इंच, या जोड्याही अशाच फसव्या. एकटा मणी असेल तर चालवून घ्या, ओळीने ओवायचे असतील तर नाही.

३. कॅलिपरशी दोस्ती करा

कॅलिपरवर मिमी आणि इंच बदलायचं बटण असतं. ते बोटाने चुकून दाबलं जातं, म्हणून मोजण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात काय लिहून आलंय ते बघायचं. जबडे मिटवून शून्य करायचं आणि मग वस्तू धरायची. ८ मिमीचा मणी इंचात ०.३१५ असा दिसतो. हे दशांश इंच आहेत, सूत नव्हेत. ०.२५ दिसलं तर पाव इंच, ०.१२५ दिसलं तर एक सूत.

बाहेरचे मोठे जबडे मण्याचं बाहेरचं माप घेतात, वरचे छोटे जबडे कडीचं किंवा बांगडीचं आतलं. मागून निघणारी काडी खोली मोजते, कोंदणाचं घर किती खोल आहे ते बघायला ती लागते. मोती आणि शिंपला हलक्या हाताने धरा, जबड्याच्या धारेने ओरखडा उठतो.

आपल्याकडची खारी हवा या हत्याराची वैरीण. वापरून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात पडद्यावर आकडे नाचायला लागले तर बहुतेक वेळा सेल उतरलेला असतो किंवा दांडीवर ओल बसलेली असते.

शिंप्याची टेप ताणली जाते, आणि तिच्या टोकाची पितळी पट्टी सैल झालेली असते. तिने मणी किंवा साखळी मोजू नका. अंगाचं माप घेताना मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही.

४. मण्यांचा सर घेताना

ओवलेल्या मण्यांचा सर बहुधा ‘१६ इंची’ म्हणून मिळतो. १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. त्याला मण्याच्या मापाने भागलं की एका सरात साधारण किती मणी येतील ते कळतं: ४ मिमीचे शंभर, ६ मिमीचे सदुसष्ट, ८ मिमीचे पन्नास, १० मिमीचे चाळीस.

पण ‘१६ इंची’ सर पट्टीवर ठेवला की पुष्कळदा पंधरा-साडेपंधराच भरतो. त्यात नेहमीच लबाडी असते असं नाही. घासून गुळगुळीत करताना ८ मिमीचा मणी ७.७ चा होतो, आणि असे पन्नास मणी ३८५ मिमी भरतात, म्हणजे जेमतेम सव्वापंधरा इंच. शिवाय सगळेच सर १६ इंची नसतात. जयपूरकडचे पैलू पाडलेले मणी १३-१४ इंचांच्या सरात, काही तर ८ इंचांच्याच सरात येतात. म्हणून मुंबईत भुलेश्वरला जा नाहीतर घरी बसून मागवा, भाव विचारताना सराची लांबी आणि मण्यांची संख्या दोन्ही विचारा. स्वस्त वाटलेला सर मोजल्यावर महाग निघतो तो इथेच.

सरातले पाच मणी निरनिराळ्या जागांवरून निवडून कॅलिपरने मोजा. ०.२-०.३ मिमीचा फरक चालतो. हाताने घासलेल्या अकीकात त्याहून जास्त निघतो, आणि मला तो आवडतो. फक्त जोडीचे कानातले करायचे असतील तर मणी जुळवून काढा.

मण्याच्या भोकाला आपल्याकडे वेज म्हणतात. तेही मोजून घ्यायचं. खड्याच्या मण्याचं वेज बहुधा ०.८ ते १ मिमी असतं, मोत्याचं त्याहून बारीक. वेजात दोरा दोनदा जाणार असेल तर दोऱ्याच्या जाडीची दुप्पट जागा हवी. दागिन्यांच्या लवचीक तारेवर जाडी इंचात लिहिलेली असते: .०१५ म्हणजे ०.३८ मिमी, .०१९ म्हणजे ०.४८ मिमी. त्या टिंबाकडे लक्ष ठेवा.

काचेच्या बारीक मण्यांचे, म्हणजे पोतीच्या मण्यांचे, नंबर उलटे चालतात. ११ नंबर साधारण २ मिमी, ८ नंबर ३ मिमी, ६ नंबर ४ मिमी, आणि १५ नंबर यांत सगळ्यात बारीक, दीड मिमी. आकडा वाढला की मणी लहान.

मोत्यांच्या माळेत प्रत्येक मोत्यामागे गाठ मारणार असाल तर गाठी लांबी वाढवतात. पन्नास मोत्यांच्या माळेत दीड-दोन इंच सहज वाढतात. मोती कमी करा, नाहीतर गिऱ्हाइकाला आधी सांगा.

५. ब्रेसलेट: मनगटाचं माप आणि ओवलेली लांबी एक नव्हे

सगळ्यात जास्त ब्रेसलेटं परत येतात ती या एका गोष्टीमुळे, म्हणून इथे थोडं थांबूया.

मनगट साडेसहा इंच, म्हणून साडेसहा इंच मणी ओवले आणि गाठ मारली, तर ब्रेसलेट हातात शिरणार नाही किंवा रुतेल. कारण आपण लांबी मोजतो ती मण्यांच्या मधून जाणाऱ्या दोऱ्याची आणि मनगटाला लागते ती मण्यांची आतली बाजू. दोऱ्याचं वर्तुळ मोठं, आतलं वर्तुळ लहान. मणी जेवढा जाड, तेवढा फरक जास्त.

हिशेब सोपा आहे. मण्याच्या व्यासाला ३.१४ ने गुणा, तेवढी लांबी वाढवा:

• ४ मिमी मणी: १२.५ मिमी, म्हणजे अर्धा इंच
• ६ मिमी मणी: १९ मिमी, म्हणजे पाऊण इंच
• ८ मिमी मणी: २५ मिमी, म्हणजे एक इंच
• १० मिमी मणी: ३१ मिमी, म्हणजे सव्वा इंच
• १२ मिमी मणी: ३७.५ मिमी, म्हणजे दीड इंचाला थोडं कमी

नशिबाने ही यादी पाव-पाव इंचाने चढते, त्यामुळे दोन दिवसांत तोंडपाठ होते.

एक उदाहरण सोडवून बघू. मनगट साडेसहा इंच म्हणजे १६५ मिमी. मणी ८ मिमीचे, म्हणून अधिक २५, झाले १९०. १९० ला ८ ने भागलं की २३.७५. पाऊण मणी ओवता येत नाही, म्हणून चोवीस. चोवीस मण्यांची लांबी १९२ मिमी. ही अंगाबरोबर बसणारी ब्रेसलेट झाली. इलॅस्टिकवर असेल तर एवढी पुरे. हुकाची असेल आणि थोडी सैल हवी असेल तर आणखी ५ ते १० मिमी सोडा. हुक आणि कडी मिळून किती जागा खातात तेही मोजा. ती दोन्ही धरून २० मिमी भरत असतील तर तेवढे मणी कमी.

मनगटाचं माप हाडाच्या वर, जिथे घड्याळ बसतं तिथे घ्यायचं, टेप टेकवून आणि न आवळता. गिऱ्हाईक फोनवर माप सांगत असेल तर ‘हे नुसत्या मनगटाचं की जुन्या ब्रेसलेटचं?’ हे विचारल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

माळेला मात्र एवढा त्रास नाही. वर्तुळ मोठं असतं आणि ती लोंबते. गळ्यालगतची ठुशी किंवा चिंचपेटी असेल तरच मण्याच्या जाडीचा विचार करायचा. १४ ते १६ इंच गळ्यालगत, १८ इंच गळ्याच्या हाडाखाली, २४ ते ३० इंच लांब मंगळसूत्र किंवा मोहनमाळ, एवढं लक्षात ठेवलं तर निभतं. सांगितलेली लांबी हुकासकट की हुकाशिवाय, हे आधी ठरवून घ्या.

गौरी-गणपतीला कंठीच्या ऑर्डरी येतात तेव्हा गिऱ्हाईक सांगतं, ‘मूर्ती दोन फुटी आहे.’ त्यावरून कंठीचं माप निघत नाही. प्रत्येक चित्रशाळेत गळा वेगळा, सोंडेचं वळण वेगळं, खांद्यावरचं उपरणं वेगळं. मूर्तीच्या गळ्यात दोरा टाकून जिथवर माळ यायला हवी तिथे धरायला सांगा आणि तो दोरा पट्टीवर मोजायला लावा. चाकरमानी आदल्या रात्री मूर्ती घेऊन येणार असतील तर मागे बांधायचा गोंडा लावा, म्हणजे इंचभर इकडेतिकडे सरकवता येतं.

६. बांगडीचा दोन-सहा म्हणजे २.६ इंच नव्हे

कासाराकडे जन्मभर बांगड्या भरलेल्या बायकासुद्धा इथे चकतात, कारण त्यांना माप हाताने माहीत असतं, आकड्याने नाही.

बांगडीवर २.२, २.४, २.६, २.८, २.१० असं लिहितात. हे टिंब दशांशाचं नाही. पहिला आकडा पुरे इंच, दुसरा इंचाचे सोळावे भाग. रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा. म्हणून २.४ म्हणजे सव्वादोन इंच, २.८ म्हणजे अडीच, २.१२ म्हणजे पावणेतीन. माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं:

• २.२: ५४.० मिमी
• २.४: ५७.२ मिमी
• २.६: ६०.३ मिमी
• २.८: ६३.५ मिमी
• २.१०: ६६.७ मिमी
• २.१२: ६९.९ मिमी

एका मापातून पुढच्या मापात जाताना व्यास एक सूत वाढतो.

आता समजा कोणी कॅलक्युलेटरवर २.६ गुणिले २५.४ केलं. उत्तर येतं ६६ मिमी. म्हणजे दोन-सहा मागणाऱ्या हाताला तुम्ही जवळजवळ दोन-दहाची बांगडी करून दिलीत, घरच्या कामात ती हातातून निसटणार. उलटीही गंमत आहे. २.१० मोबाइलवर टाकताना शेवटचं शून्य गळतं, २.१ होतं, आणि उत्तर येतं ५३.३ मिमी. मोठ्या हाताला सगळ्यात लहान बांगडी. म्हणून वहीत टिंब देऊच नका, ‘२-१०’ लिहा किंवा ‘दोन-दहा’ असं अक्षरात.

गिऱ्हाईक समोर असेल तर अंगठा तळव्यात दुमडून हाताचा सगळ्यात रुंद भाग टेपने मोजा आणि ३.१४ ने भागा. १९० मिमी आले तर व्यास ६०.५, म्हणजे दोन-सहा. काचेची बांगडी एवढ्या मापात थोडं दाबून चढते, करवंटीचं किंवा लाकडाचं कडं दबत नाही आणि जाडही असतं. त्याला एक माप मोठं घ्या. समोर नसेल तर तिच्या रोजच्या बांगडीचा आतला व्यास पट्टीवर ठेवून फोटो मागवा. पट्टीचं शून्य फोटोत दिसलं पाहिजे.

७. अंगठी

कागदाची बारीक पट्टी बोटाच्या पेराभोवती गुंडाळा, खूण करा, मिमीत मोजा. त्यातून ४० वजा केले की आपल्याकडचा नंबर जवळपास मिळतो. ५२ मिमी घेर असेल तर १२ नंबर, ५४ असेल तर १४. अमेरिकेत तीच १४ नंबरची अंगठी ७ नंबरची होते, म्हणून परदेशातली ऑर्डर असली तर नंबर बाजूला ठेवून आतला घेर मिमीमध्ये मागा.

पावसाळ्यात कागद ओल धरून मऊ पडतो आणि ताणला जातो. मापाच्या कड्यांचा जुडगा घ्यायला सांगितला तो यासाठीच. वैशाखाच्या दुपारी बोटं सुजलेली असतात, सकाळी आकसलेली. संध्याकाळी घेतलेलं माप खरं. रुंद पट्टीची अंगठी असेल तर अर्धा ते एक नंबर वाढवा.

८. तारेचा गेज: ‘कोणता गेज’ हा प्रश्न विचाराच

गेजमध्येही नंबर वाढला की तार बारीक. पण गेज एक नाही, दोन आहेत. इंग्लंडचा एसडब्ल्यूजी आणि अमेरिकेचा एडब्ल्यूजी. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार एसडब्ल्यूजीवर मिळते. व्हिडिओतली बाई मात्र एडब्ल्यूजीमध्ये बोलत असते.

• १८ गेज: अमेरिकन १.०२ मिमी, इंग्लिश १.२२ मिमी
• २० गेज: अमेरिकन ०.८१, इंग्लिश ०.९१
• २२ गेज: अमेरिकन ०.६४, इंग्लिश ०.७१
• २४ गेज: अमेरिकन ०.५१, इंग्लिश ०.५६
• २६ गेज: अमेरिकन ०.४०, इंग्लिश ०.४६

कानातल्या हुकाला ०.८ मिमीची तार सोयीची. व्हिडिओत २० गेज सांगितलं म्हणून बाजारातून इंग्लिश २० आणलीत तर ती ०.९१ निघते. कानाच्या भोकाला ती जाणवते, आणि ज्या मण्याचं वेज ०.८ आहे त्यातून जातच नाही. मग वेज मोठं करायला जाऊन मणी फुटतो. तुम्हाला हवी ती इंग्लिश २१ च्या आसपासची, नाहीतर थेट कॅलिपर घेऊन दुकानात जा आणि ०.८ मागा. वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा लेप असतो, त्याची जाडीही मापात येते. तो लेप त्वचेला लागणारा असल्यामुळे कानात घालायच्या हुकाला ती तार मी वापरत नाही.

कड्या घेताना ‘६ मिमी’ हे बाहेरचं माप की आतलं, ते विचारा. १ मिमी तारेची बाहेरून ६ असलेली कडी आतून ४ च असते.

९. खडा आणि त्याचं कोंदण

सपाट बुडाचे, वरून घुमटासारखे खडे ठरावीक मापांत येतात: ८×६, १०×८, १४×१०, १८×१३, २५×१८, ३०×२२ मिमी. तयार कोंदणंही याच मापांत मिळतात. इथे इंच मधे आणूच नका. २५×१८ ला कोणी ‘एक इंची’ म्हणतं, पण एक इंच २५.४ आहे आणि तेवढ्या ०.४ ने खडा कोंदणात डुगडुगतो किंवा बसतच नाही.

हाताने कापलेला १८×१३ खडा १७.८×१३.२ निघू शकतो, म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा आणि उंचीही. उंची कोणी मोजत नाही आणि मग कोंदणाची कड खड्यावर वळतच नाही.

कोंदणाची पट्टी स्वतः कापणार असाल तर गोल खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. लंबगोल खड्याला लांबी-रुंदीची सरासरी घ्या. १८×१३ ची सरासरी १५.५, त्यात ०.३ जाडी, झाले १५.८, गुणिले ३.१४ म्हणजे ४९.६ मिमी. अर्धा-एक मिमी जास्त कापा, घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

१०. वजनावरून आकार ठरवू नका

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. सोन्याचा २२ कॅरेट हा शुद्धतेचा हिशेब, त्याचा या कॅरेटशी संबंध नाही.

६.५ मिमीचा गोल हिरा साधारण एक कॅरेट भरतो. पण माणिक हिऱ्यापेक्षा जड, म्हणून एक कॅरेटचं माणिक दिसायला लहान. स्फटिक हलका, म्हणून तेवढ्याच वजनात मोठा. कोंदण तयार असेल तर खडा मिमीमध्येच मागवा, कॅरेटचा आकडा फक्त भावासाठी.

रत्तीचं प्रकरण जास्त चिकट आहे. जुन्या सराफी कोष्टकात ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे गुंज किंवा रत्ती ०.१२ ग्रॅमची. कुंपणावर वेल चढते ती हीच लाल-काळी गुंज, तिचं बी विषारी, लहान मुलांच्या हाती देऊ नका. रत्नांच्या बाजारात मात्र रत्ती साधारण ०.१८ ग्रॅमची धरतात. म्हणजे पाच रत्तीचा खडा एका हिशेबाने ०.६ ग्रॅम आणि दुसऱ्याने ०.९ ग्रॅम. गिऱ्हाईक रत्तीत बोललं तर मान डोलवा, पण चिठ्ठीवर ग्रॅम आणि कॅरेट लिहून घ्या.

११. करवंटी आणि शिंपला कापताना

होल-सॉवर (ड्रिलला लावायच्या गोल दातेरी करवतीवर) लिहिलेलं माप भोकाचं असतं, चकतीचं नव्हे. २५ मिमीच्या होल-सॉने करवंटीची चकती काढलीत तर दातांची जाडी दोन्ही बाजूंनी जाऊन ती दोन-तीन मिमी लहान निघते. घासल्यावर आणखी लहान. इंचभराची चकती हवी तर एक माप मोठा होल-सॉ घ्या.

छोट्या फिरत्या मशीनच्या बिटांच्या दांड्यांत २.३५ मिमी, ३ मिमी आणि एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी अशी तीन मापं बाजारात फिरतात. ३ मिमीची दांडी एक सुताच्या तोंडात बसल्यासारखी वाटते, पण फिरताना डगमगते, भोक वाकडं होतं आणि शिंपला तडकतो. दांडी आणि तोंड दोन्ही एकाच मापाची घ्या. शिंपल्याची धूळ छातीला वाईट, नाकाला मास्क लावा आणि शिंपला ओला ठेवून भोक पाडा. विजेचं मशीन मात्र पाण्यात बुडवायचं नाही.

किनाऱ्यावर सापडलेलं सगळंच वापरायचं नसतं. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जात ओळखता येत नसेल तर तो शंख तिथेच राहू द्या. खाण्यासाठी काढलेल्या तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपांनी कितीतरी काम भागतं.

१२. ऑर्डर लिहून घेताना

चिठ्ठीवर एवढं असू द्या: कोणती वस्तू, मण्याचं माप मिमीमध्ये, लांबी इंचात आणि कंसात मिमी, हुक धरून की सोडून, तारेची जाडी मिमीमध्ये, बांगडी असेल तर अक्षरात ‘दोन-आठ’, अंगठी असेल तर आतला घेर. मग ती चिठ्ठी गिऱ्हाइकाला फोटो काढून पाठवा आणि ‘बरोबर’ असं उत्तर आलं की मगच मणी ओवायला घ्या. दोऱ्याचा तुकडा किंवा जुना दागिना मापाला आणून दिला असेल तर तो काम होईपर्यंत त्याच चिठ्ठीला टाचून ठेवा.